कल्पना आधी की ज्ञान? : डॉ. जयंत नारळीकर यांच्या निमित्ताने

आपल्या विद्यालयाच्या जिन्यालगतच्या भिंतीवर अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे एक वचन कित्येक वर्षांपासून रंगवलेले आहे. कल्पनाशक्ती ही ज्ञानाहून अधिक मोलाची, असा त्याचा आशय. अँटॉप हिलच्या पावसाळ्यात ती भिंत दर वर्षी ओल धरते, रंगाचे पोपडे निघतात आणि दिवाळीच्या सुट्टीत चित्रकलेचे शिक्षक ती अक्षरे पुन्हा गिरवतात. माजी विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या त्या अक्षरांखाली जेवणाच्या रांगेत उभ्या राहिल्या असतील! गेल्या वर्षी त्याच रांगेतल्या आठवीच्या एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, कल्पना जर ज्ञानापेक्षा मोठी, तर आम्ही सनावळ्या कशाला पाठ करायच्या?"

सनावळ्यांचा उल्लेख आम्हाला उद्देशून होता, कारण आम्ही इतिहास शिकवतो. प्रश्नात खोडी होती, पण उत्तर काही देता येईना. त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली, हे येथे कबूल केले पाहिजे. विज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. परंतु कोणतेही वचन समोर आले की ते कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी उच्चारले हे पाहावे, एवढी सवय इतिहासाच्या अभ्यासाने लागते. त्या सवयीने शोध घेतला तेव्हा जे हाती लागले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

ते वचन १९२९ सालचे. 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या अमेरिकी नियतकालिकात आलेल्या एका मुलाखतीत आइन्स्टाइन १९१९ च्या सूर्यग्रहणाविषयी बोलत होते. ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून येताना वाकतो, हे त्यांचे भाकीत त्या ग्रहणात पडताळून पाहिले गेले आणि खरे ठरले. निकाल हाती येण्यापूर्वीही आपल्याला खात्री वाटत होती, असे ते सांगत होते, आणि त्या ओघात हे वाक्य आले. म्हणजे परीक्षा देऊन, उत्तीर्ण होऊन दहा वर्षे लोटलेला माणूस ते बोलत होता. वाक्य तेवढे भिंतीवर आले, परीक्षा मागेच राहिली.

त्या परीक्षेची हकीकत मोठी उद्बोधक आहे. १९०७ साली बर्न येथील पेटंट कचेरीत नोकरी करीत असताना आइन्स्टाइन यांना सुचले की, उंचावरून खाली कोसळणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही. आपल्या परिसरात आता पुनर्वसनाच्या उंच इमारती झाल्या आहेत. त्यांच्या लिफ्टमधून खाली येताना पहिल्या क्षणी पोटात जी पोकळी जाणवते, ती याच विचाराची तोंडओळख. कल्पना एवढी साधी की ती कोणाही मुलाला समजावी. तिच्या आधारे त्यांनी १९११ साली, सूर्याजवळ प्रकाश किती वाकेल याचा आकडा काढला. तो आकडा चुकला. खऱ्या उत्तराच्या तो जवळजवळ निम्मा होता. कल्पनेत खोट नव्हती, परंतु तिला पेलणारी भूमिती त्यांच्यापाशी नव्हती. वक्र अवकाशाची ती भूमिती रीमान या जर्मन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच रचून ठेवली होती. मार्सेल ग्रोसमान या आपल्या जुन्या वर्गमित्राच्या साहाय्याने आइन्स्टाइन ती शिकले. तोवर ते स्वतः प्राध्यापक झाले होते, तरी नव्याने विद्यार्थी होण्याचा कमीपणा त्यांना वाटला नाही. १९१५ च्या नोव्हेंबरात योग्य आकडा निघाला : सुमारे १.७ विकला. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला, हे ध्यानात घेतले म्हणजे हा कोन किती सूक्ष्म ते कळेल.

मधल्या काळात एक विलक्षण योगायोग घडला. १९१४ साली हाच पडताळा घेण्यासाठी एक जर्मन तुकडी क्रिमियात ग्रहण पाहावयास गेली होती. पहिले महायुद्ध पेटले आणि मोजणी राहून गेली. ती झाली असती, तर आइन्स्टाइन यांचा तोवरचा आकडा जगासमोर खोटा ठरला असता. १९०७ ते १९१५ ही आठ वर्षे त्या कल्पनेने अभ्यासात काढली. आमच्या विद्यार्थ्याला द्यावयाचे अर्धे उत्तर येथे मिळाले.

उरलेले अर्धे शोधण्यासाठी युरोपात जाण्याचे कारण नाही. गुरू तेग बहादूर नगर स्थानकावर हार्बरची गाडी धरावी आणि पुढच्याच स्थानकावर उतरावे. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. आपल्या मुलांची सहल आम्ही वरळीच्या नेहरू तारांगणात नेतो, पण हाकेच्या अंतरावरील या वास्तूपर्यंत किती पालक गेले असतील, शंकाच आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. तीत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नंतर उलगडा झाला की असा कोणी लेखकच नाही. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलट वाचावीत : ज. वि. ना., अर्थात जयंत विष्णू नारळीकर.

त्या वेळी डॉ. नारळीकर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले होते. १९६४ साली गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला होता, आणि १९६५ साली, वयाची सत्तावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांना पद्मभूषण मिळाले होते. इतक्या प्रसिद्ध माणसाने स्वतःच्या नावाने कथा धाडली असती, तर परीक्षकांनी कथा वाचण्यापूर्वी नाव वाचले असते. हस्ताक्षर ओळखीचे निघू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांच्या अक्षरात पाठविण्यात आली. त्या स्वतः गणितज्ञ होत्या. मुळात ही कथा सुरू झाली ती एका परिसंवादातील कंटाळवाण्या भाषणाच्या वेळी, समोरच्या कोऱ्या कागदावर. (वर्गातील शेवटच्या बाकावरील मंडळींनी याचा सोयीस्कर अर्थ काढू नये.)

आपली कल्पना आपल्या नावाच्या वजनावर तोलली जाऊ नये, तिने आपल्या पायावर उभे राहावे, हा त्या टोपणनावामागचा हेतू आम्हाला कथेइतकाच मोलाचा वाटतो. जन्माने चिकटलेल्या नावावरून माणसाची बुद्धी जोखली जाण्याचा अनुभव ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला, त्याला या हेतूचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता कृष्णविवराविषयी थोडे. अतिप्रचंड वस्तुमान अत्यंत लहान जागेत कोंबले गेले, तर त्याचे गुरुत्वाकर्षण इतके तीव्र होते की प्रकाशही तेथून निसटू शकत नाही. गुरुत्वाकर्षण जेथे तीव्र तेथे घड्याळ संथ चालते, हा आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताचा निष्कर्ष आहे. तेव्हा अशा विवराजवळ राहून आलेला प्रवासी, त्याच्या मागे राहिलेल्यांपेक्षा तरुण असणार. हे ऐकायला पुराणातल्यासारखे वाटते, पण यातील घड्याळाचा भाग आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. फोनवरील नकाशाला दिशा दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळे, उंचीमुळे आणि वेगामुळे पडणारा फरक जमेस धरता, जमिनीवरील घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही चूक सुधारली नाही, तर एका दिवसात नकाशा सुमारे दहा किलोमीटरने चुकेल. वडाळ्याला जायचे म्हणून निघालेला माणूस अंधेरीच्या आसपास पोहोचायचा.

नारळीकरांच्या विज्ञानकथांची रीत ही अशी होती. ज्ञान जेथवर पोहोचले आहे तेथवर त्याचे नियम पाळायचे, आणि त्यापुढचे पाऊल कल्पनेने टाकायचे. पुढे त्यांनी 'धूमकेतू' नावाची कथा लिहिली. पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूचा मार्ग वैज्ञानिक अंतराळयान धाडून बदलू पाहतात, आणि त्याच वेळी त्या धूमकेतूचा शोध लावणाऱ्या संशोधकाच्या घरात शांतियज्ञाची तयारी चाललेली असते. पुढे काय होते ते वाचकांनी कथेतच पाहावे. इतकेच सांगतो की, २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहचंद्रावर एक यान मुद्दाम आदळविले. त्यामुळे त्याच्या प्रदक्षिणेचा काळ सुमारे ३२ मिनिटांनी घटला. अवकाशातील धोंड्याची वाट माणसाला बदलता येते, हे त्या दिवशी मोजून सिद्ध झाले.

याच १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी एका वेगळ्या ग्रंथाची तपासणी केली. 'वैमानिकशास्त्र' या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या संस्कृत ग्रंथात प्राचीन ऋषींच्या विमानविद्येचे वर्णन असल्याचा दावा होता. अभ्यासकांनी भाषा तपासली, आकृत्या तपासल्या, वजने आणि मापे तपासली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी रचला गेला आहे आणि त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुंबईकरांना या संदर्भात शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव आठवेल. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडविले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तळपदे यांची जिज्ञासा खरी होती, याबद्दल आम्हाला आदर आहे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सांगणे भाग आहे की त्या उड्डाणाची कथा पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही. तरीही जानेवारी २०१५ मध्ये, आपल्याच शहरात कलिना येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला.

दोन्हीकडे कल्पनाच आहे, आणि कल्पना म्हणून दोन्ही रंजक आहेत. आकाशात उडण्याचे स्वप्न कोणी पाहू नये? फरक एवढाच की, एकाने आपल्या कल्पनेवर 'कथा' अशी चिठ्ठी लावली आणि दुसऱ्याने 'शास्त्र' अशी. कथेला कोणी खोटे म्हणत नाही. कल्पनेने शास्त्राचे नाव घेतले की मात्र तिला पुरावा मागितला जातो, आणि पुरावा मागणाऱ्यावर आपल्याकडे श्रद्धा दुखावल्याचा ठपका येतो. आपल्या समाजाला शास्त्र या शब्दाची ही बाजू चांगली ठाऊक आहे. कोणी पाणवठ्याला शिवावे आणि कोणी शिवू नये, हेही शास्त्र म्हणूनच सांगितले जात असे. तीही कोणाची तरी कल्पनाच होती, पण तिला 'कशावरून?' असे विचारण्याची मुभा नव्हती.

'कशावरून?' हा प्रश्न नारळीकरांनी लोकव्यवहारातही विचारला. २००८ साली त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासमवेत फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळा गोळा केल्या, कुंडल्या मांडल्या, आणि ज्योतिषांना आवाहन केले की प्रत्येकी चाळीस कुंडल्या घ्या आणि कोणती कोणाची ते सांगा. एक्कावन्न जणांनी कुंडल्या मागविल्या, उत्तरे सत्तावीस जणांकडून आली. अचूकतेची सरासरी निघाली ४६ टक्के. नाणे उडवून कौल लावला असता तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. सर्वोत्तम ज्योतिषाने चाळीसपैकी चोवीस ओळखल्या. या चाचणीत आम्हाला भावली ती तिची पद्धत. टीकेची भाषणे न करता प्रतिपक्षाला मैदानात बोलावले आणि यशाचा निकष आधी ठरवून दिला.

मात्र हाच नियम स्वतःच्या कल्पनांना लावणे अवघड असते, आणि येथे नारळीकरांविषयी एक गोष्ट न झाकता सांगितली पाहिजे. विश्वाला आरंभ नाही, ते सदैव आहे, ही हॉईल यांची कल्पना त्यांनी आयुष्यभर जपली. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांनी अवकाशात सर्वत्र पसरलेल्या मंद प्रारणाचा शोध प्रसिद्ध केला. तो महास्फोटाचा अवशेष आहे, असे बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी मानले. नारळीकरांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ साली आपल्या सिद्धांताची सुधारलेली मांडणी केली, पण विज्ञानजगताने ती स्वीकारली नाही. यास कोणी हट्ट म्हणेल, कोणी निष्ठा. आमच्या मते ते बहुमताविरुद्ध उभे राहिले यात गैर काही नाही. मात्र तो डाव त्यांच्या बाजूने लागला नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. प्रतिभावंताची प्रत्येक कल्पना खरी ठरते, असा समज आपण थोरांची चरित्रे शिकवताना नकळत करून देतो.

हॉईल यांची आणखी एक कल्पना होती : सूक्ष्मजीव अवकाशातून पृथ्वीवर येत असावेत. नारळीकरांनी ती तपासण्यासाठी हैदराबादहून फुगे सोडण्याचा प्रकल्प चालविला. २००५ च्या उड्डाणात वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने निर्जंतुक कुप्यांत भरून आणले. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला हॉईल यांचे नाव दिले, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे. पण हे जीव अवकाशातूनच आले असे यावरून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी नोंदविले गेले. गुरूंच्या लाडक्या कल्पनेला जिवाणू मिळाले, पण निर्णय मिळाला नाही, आणि शिष्याने तो ओढूनताणून आणला नाही.

असा माणूस घडतो कसा? कोल्हापूरला १९३८ साली जन्मलेले नारळीकर वाढले बनारसला. वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या विदुषी. घराच्या भिंतीवर मुलांसाठी काळे फळे केलेले होते. मामा त्यावर एखादे कठीण गणित लिहीत आणि ते ज. वि. ना. यांना आव्हान आहे असे वर नोंदवीत. सुटेपर्यंत ते गणित पुसले जात नसे. हे वाचले तेव्हा आमच्या मनात प्रथम आला तो मत्सर. आमच्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरात फळा लावण्याइतकी रिकामी भिंतच नाही. संगमनगरच्या दहा-बारा फुटांच्या खोलीत भिंतीवर मांडणी असते, कपडे असतात, बाबासाहेबांची तसबीर असते. स्वतः बाबासाहेब परळच्या डबक चाळीतील एका खोलीत शिकले. रात्री दोन वाजता, घर शांत झाल्यावर, वडील त्यांना अभ्यासाला उठवीत. तेथून कोलंबिया विद्यापीठापर्यंतची वाट डोळ्यांपुढे आणायला किती कल्पनाशक्ती लागली असेल!

या तफावतीमुळे आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते : "स्वप्ने बघू नकोस, अभ्यास कर." आम्ही पालकांना दोष देत नाही. ज्यांना ज्ञान शतकानुशतके नाकारले गेले, त्यांनी हाती आलेले ज्ञान घट्ट धरून ठेवावे, हे स्वाभाविक आहे. गुणपत्रिका हाच दाखला आणि हीच नोकरी. कल्पना हा ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांचा खेळ. पण घट्ट धरण्याच्या या घाईत पाठांतर तेवढे हाती राहते. ज्या व्यवस्थेने आपल्याला बाहेर ठेवले, तीही घोकंपट्टीवरच चालत होती. आमच्या अठ्ठावीस वर्षांच्या अध्यापनात आम्ही स्वतः किती कल्पनांवर "विषय सोडून बोलू नकोस" म्हणून फुली मारली, याचा हिशेब लागत नाही.

नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा ते म्हणत की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ती बातमी परिपाठात सांगताना आम्हाला ही पोस्टकार्डे आठवली, आणि फळेही.

यंदा जूनपासून वसतिगृहाच्या भोजनगृहाबाहेर, आइन्स्टाइन यांच्या वचनाखाली, एक काळा फळा लावला आहे. त्यावर कोणीही प्रश्न लिहावा. उत्तरही कोणीही लिहावे, मात्र खाली 'कशावरून?' हे लिहिणे बंधनकारक आहे. ते पटेपर्यंत प्रश्न पुसायचा नाही. शिक्षकांनी पंधरा दिवस तोंड उघडायचे नाही, हा नियम मुलांनी आमच्यावर घातला. सध्या फळ्यावर सहावीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे : भरती आली की शिवडीच्या खाडीचे पाणी चढते, मग आमच्या गावच्या विहिरीचे का चढत नाही? पहिले उत्तर आले, चंद्राला विहीर दिसत नाही. खाली कोणीतरी खडूने मोठ्या अक्षरांत 'कशावरून?' लिहून ठेवले. मग सातवीच्या दोघांनी एक बादली काठोकाठ भरली, आतून पाण्याच्या पातळीवर रेघ ओढली आणि भरतीच्या वेळी पाणी चढते का हे पाहण्यासाठी रात्रभर गच्चीवर ठेवली. सकाळी पाहतात तो पाणी रेघेच्या किंचित खाली गेलेले. तेव्हापासून फळ्यावर दोन प्रश्न आहेत.